भोंग्याच्या अक्षरातली आत्या

४ जून १९८६

आत्याबाईंना नमस्कार,

आपली भेट नाही. तुमची भाषा मला येत नाही, माझी तुम्हाला येत नाही. आतापर्यंत भावजी आपली पत्रं एकीची दुसरीला सांगत होते. आता ते म्हणतात, "बहीण माझी, मेव्हणी माझी, आणि मार दोन्हीकडून मलाच." त्यांनी हात टेकले. म्हणून यापुढे पत्रांचं काम तुमच्या भाच्याकडे. आठ वर्षांचा असला तरी दोन्ही भाषा त्याच्या जिभेवर आहेत. ताईची हॉस्पिटलात ड्यूटी आणि भावजी दिवसभर वाद्यांच्या दुरुस्तीत, त्यामुळे शाळा सुटली की तो माझ्या शिवणाच्या दुकानातच असतो. मी लिहिते ते तो जसंच्या तसं तुमच्या भाषेत उतरवेल.

आता मुद्द्याचं. तुम्ही पाठवलेला माउथ ऑर्गन पोचला. पोचला कसला, अंगावर आला. दात घासायच्या आधी सुरू होतो तो झोपेपर्यंत. काल त्याच्या नादात मी एका बाईंच्या कमरेचं माप बाहीला लावलं. पोराला मी आता भोंग्याच म्हणते. तर कृपा करून तुमच्याकडचं हे गाण्याबजावण्याचं खूळ इकडे पाठवू नका. एकही वाद्य नको. आमच्या घरात सगळे शिकून पोटापाण्याला लागलेत. मागे तुम्ही लिहिलंत की त्याचा आवाज तुमच्या घराण्याचा आहे. असेल. पण नाक आमच्या घराण्याचं आहे, आणि ते चारचौघांत कापलं जायला नको.

मावशी

२९ जून १९८६
(भोंग्याच्या अक्षरात)

प्रिय आणि दयाळू मावशीबाई,

तुमचं गोड पत्र वाचून डोळे भरून आले. माउथ ऑर्गन तुम्हाला इतका आवडला, आणि दिवसभर ऐकूनही तुमचं समाधान होत नाही, हे वाचून आनंद झाला. याहून मोठं वाद्य पाठवा असा तुम्ही आग्रह केलात. तुमचा शब्द मी कशी मोडू? गावच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायला लागण्याआधी मी अकॉर्डियन वाजवायचे. ते जहाजानं पाठवते आहे. माझ्या दुकानातला बुटांचा एक जोडही ठेवला आहे. जरा मोठा आहे, पण पाय वाढतील.

एक महत्त्वाचं. आमच्याकडचे डॉक्टर सांगतात की मुलांनी रविवारी गणितं केली तर बोटं कायमची आखडतात. काळजी घ्या.

तुमची लाडकी आत्या

२ सप्टेंबर १९८६

आत्याबाईंना नमस्कार,

खोकं आलं. एवढं थोरलं बघून मला वाटलं नवी शिलाई मशीन आली. उघडलं तर अकॉर्डियन! मी लिहिलं काय आणि तुम्ही घेतलंत काय? आधी मला भयंकर राग आला. भोंग्याला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, आत्याला राग कळतच नाही. कुणी रागावलं तरी तिला ते प्रेमच वाटतं. मनानं मोठी आहे ना." आता एवढ्याशा पोरानं असं म्हटल्यावर मी काय बोलणार? खरं सांगते, मला माझीच लाज वाटली.

आणि तुमचं पत्र त्यानं वाचून काय दाखवलं! एक हात कमरेवर, आवाज घोगरा, मधेच थांबून डोळे पुसायचे, मधेच नाक शिंकरायचं. तुम्हाला पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी तुम्ही माझ्या दुकानात येऊन गेलात. मी मशीन थांबवून पोट धरून हसत होते. कापड टाकायला आलेल्या दोघी जणी बसून राहिल्या. आता त्या काम नसतानाही डोकावून विचारतात, "आत्यांचं पत्र आलं का?"

बरं, वाजवू दे अकॉर्डियन. पण अभ्यास झाल्यावर. आणि रविवारी मी त्याच्याकडून गणितंच करून घेणार आहे, तुमच्या डॉक्टरांना सांगा.

मावशी

१० एप्रिल १९९६

आत्याबाईंना नमस्कार,

तुमचं पत्र महिन्याभरात आलं नाही की मला चुकल्यासारखं होतं, हे आधी सांगून टाकते. फोनवर म्हणावं तर 'हॅलो' झालं की दोघी गप्प. त्यापेक्षा भोंग्याच्या तोंडून तुम्ही बऱ्या.

पण आज भांडणाचं लिहायचं आहे, तेही तुमच्याशी नाही. भोंग्या अठरा वर्षांचा झाला आणि म्हणतो नाट्यशाळेत जाणार, नट होणार, गाणारही होणार. अहो, नाटक्याचं पोट कसं भरेल? त्यातून त्याचा चेहरा असा की रस्त्यात लोक वळून विचारतात, हा कुठला? राजाचं काम याला कोण देणार? मी साफ नाही म्हटलं आहे. ताई आणि भावजी म्हणतात, "मावशी आणि आत्या, दोघी हो म्हणत असतील तरच." तेव्हा तुम्हीही नाही म्हणा. तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही. हात जोडते.

मावशी

२ मे १९९६
(भोंग्याच्या अक्षरात)

प्रिय मावशीबाई,

तुमची काळजी मला कळते. मीही आधी नाहीच म्हणणार होते. मग दुकानात एका गिऱ्हाइकाच्या पायात बूट घालताना विचार आला, की पाय त्याचा, चालणार तो, आणि चावतो कुठे हे आपण कोण ठरवणार? पोराला दोन घरं आहेत. एका दारात अडखळला तर दुसऱ्या दारात उठून उभा राहील. म्हणून मी काळजावर दगड ठेवून हो म्हणते.

तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. फक्त थोडं वाईट वाटेल. आयुष्यभर.

तुमची आत्या

१४ मे १९९६

आत्याबाई,

जिंकलात. तुम्ही समुद्रापलीकडे राहून एवढं मोठं मन दाखवता, मग मी सख्खी मावशी असून कोत्या मनाची ठरू? म्हटलं बाई हो. त्यानं मला उचलून दुकानभर फिरवलं आणि कात्री पाडली. दोन शर्ट शिवून दिलेत, खांद्यात सैल, म्हणजे अकॉर्डियन ओढताना उसवायचे नाहीत.

मावशी

९ ऑक्टोबर २००४

आत्याबाईंना नमस्कार,

भोंग्या आता सिनेमात दिसतो. म्हणजे पापणी लवली नाही तर दिसतो. पहिल्यात तो चोरटा माल आणणारा होता, मध्यंतराच्या आधी मेला. दुसऱ्यात कुठल्याशा वकिलातीचा पहारेकरी, नावं पडद्यावर येत असतानाच मेला. तिसऱ्यात हॉटेलातला वेटर. मी खूश, म्हटलं हा तरी जगेल. तर सूपमध्ये विष होतं आणि चाखलं यानंच. मी थिएटरात मोठ्यानं म्हणाले, "अरे, याला एकदा तरी घरी जाऊ द्या!" मागच्या रांगेतली माणसं हसली.

कारण सरळ आहे. इथल्यांना तो तुमच्याकडचा दिसतो, आणि परक्या माणसाला सिनेमात मरण्याशिवाय काम नसतं. मला त्याचा संताप येतो. तो मात्र म्हणतो, "मावशी, मरायला मी स्वस्त आणि मस्त."

पण शनिवारी बँडबरोबर गायला उभा राहतो तेव्हा बघावं. एक कडवं तुमच्या भाषेत, एक आमच्या. तेव्हा कुणी विचारत नाही हा कुठला. मला पहिल्या रांगेत जागा असते आणि मी लोकांना मुद्दाम सांगते की शर्ट मी शिवलाय.

मावशी

३० नोव्हेंबर २००४
(भोंग्याच्या अक्षरात, गिचमिड)

प्रिय मावशीबाई,

पोरगा सिनेमाच्या कामासाठी इकडे आला होता, पंधरवडाभर माझ्याकडे उतरला. गंमत ऐका. इथल्यांना तो तुमच्याकडचा वाटतो. त्यामुळे इथेही मेला. पण घोड्यावरून पडून मेला, म्हणजे बढती आहे.

एका दुपारी माझ्या दुकानात अकॉर्डियन घेऊन बसला. बूट पायात घालून बघायला आलेली माणसं एक बूट हातात, एक पाय अनवाणी, तशीच उभी राहून ऐकत होती. मी ट्रंपेट काढली. त्या दिवशी विक्री शून्य झाली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. तुम्ही त्याला फार छान वाढवलंत.

तुमची आत्या

१८ जानेवारी २०१३

आत्याबाईंना नमस्कार,

बसून वाचा. भोंग्याला मुख्य काम मिळालं! मोठं संगीत नाटक, तो त्यात बँडमास्तर. बँड मोडतो, माणसं पांगतात आणि हा त्यांना एकेक करून परत गोळा करतो. गाणी त्याचीच, चाली त्याच्याच. बँडमास्तर कुठला, कुणाचा, असं कुणीही विचारत नाही. आणि मी दोनदा विचारून घेतलंय, शेवटपर्यंत जिवंत आहे! पस्तिशीला आला, पण देवानं ऐकलं. पहिला प्रयोग बारा एप्रिलला. आपल्या दोघींच्या खुर्च्या शेजारशेजारी ठेवणार म्हणतो.

तालमींमुळे त्याला आता पत्रांना सवड नाही. म्हणून मी शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ गाठले. कोर्टात दुभाषी होते, आता निवृत्त आहेत. शपथेवर काम करायची सवय, एक शब्द घालत नाहीत की गाळत नाहीत. चेहरा सदा निकाल लागल्यासारखा. हे वाक्यही ते लिहिणार म्हणतात. लिहा बापडे.

बाकी नेहमीचंच भांडण. तुम्ही यंदाही त्याला मोठे बूट पाठवलेत. अहो, पस्तिशीत पाय वाढत नसतात! त्याचा ताल तुमच्या घरचा असं तुम्ही म्हणता, तेही चूक. तो माझ्या मशीनच्या आवाजात वाढला, ताल तिचा आहे. पण नाट्यशाळेला तुम्ही हो म्हणालात म्हणून हा दिवस दिसला, हे मी कधी विसरणार नाही. या आता.

मावशी

११ फेब्रुवारी २०१३
(दुभाष्यांच्या अक्षरात)

मावशीबाई,

हे पत्र तुमचंच आहे का? इतकी वर्षं तुम्ही मला 'साखरेसारखी बहीण' लिहीत आलात. माझे बूट बघून तुमचा कंठ दाटून यायचा. आता म्हणता ते मोठे होतात. मग आधी का नाही सांगितलंत? मी दुकानदार आहे, मापाचे पाठवले असते.

अकॉर्डियन तुम्हीच मागितलं होतंत, तेही दोनदा. आणि नाट्यशाळेला मी हो म्हटलं नव्हतं. मी नाही म्हटलं होतं. मी लिहिलं होतं, नाटक्याचं पोट कसं भरेल, त्याला दातांचा डॉक्टर करा. त्यावर तुमचं उत्तर आलं की विरोध समजतो, पण मी सख्खी मावशी पोराच्या पाठीशी उभी आहे. मग माझा नाइलाज झाला. परदेशातली आत्या आडवी आली, असं मला म्हणवून घ्यायचं नव्हतं.

मी दोन दिवस विचार केला. आपल्या दोघींच्या मधे एक तिसरा पत्रं लिहीत होता. तो कोण, हे सांगायला कोर्टातला माणूस नको.

आत्या

१ मार्च २०१३

आत्याबाई,

हसावं की रडावं ते कळेना. म्हणजे तुम्ही नाही म्हणालात, मी नाही म्हणाले, आणि दोन नाहींवर कारटं नट झालं! एकीच्या मोठ्या मनाची दुसरीला लाज वाटावी अशी सोय त्यानं करून ठेवली. अकॉर्डियन माफ. नाट्यशाळा माफ. बूटही माफ.

पण आत्याबाई, मग मी इतकी वर्षं बोलत कुणाशी होते? माझ्याकडे गिऱ्हाइकं रग्गड, मैत्रीण एक नाही. जे ताईलाही सांगितलं नाही ते तुम्हाला लिहिलं. मला वाटायचं, पलीकडे एक बाई आहे, तिला मी कळते. ती बाई आहे की नाही, एवढंच मला आता हवं आहे.

म्हणून एकच विचारते. वीस वर्षांपूर्वी आमचे हे गेले तेव्हा तुमचं पत्र आलं होतं. मला पाठ आहे. 'घर खायला उठेल तेव्हा दुकानात जाऊन बसा. काही शिवू नका, नुसता मशीनवर पाय ठेवा. लोक सावरा म्हणतील, त्यांचं ऐकू नका. रडून झालं की मला लिहा. एक दिवस मी तुमच्याकडे येईन.' त्या पत्रावर मी पुन्हा उभी राहिले. ते तुमचं होतं, की पंधरा वर्षांच्या पोराचं?

खरं सांगा. पोराचं असेल तर मी त्याचा मुका घेईन, पण तुमच्या शेजारी बसणार नाही. अनोळखी बाईशेजारी बसून मला रडता यायचं नाही.

मावशी

५ मार्च २०१३

दोन्ही थोर स्त्रियांस शिरसाष्टांग,

हेच पत्र दोघींना दोन भाषांत. दुभाषीकाकांनी ताडून बघितलंय आणि दोन्हीकडे सारखंच आहे अशी सहीसुद्धा केलीय. मला पहिल्यांदाच इतकं कंटाळवाणं भाषांतर करावं लागलं.

सापडलो. नाकबूल करायला जागा नाही. पण माझी एक बाजू ऐका. नाट्यशाळेच्या वेळी तुम्हा दोघींची दोन पत्रं माझ्यासमोर होती आणि दोन्हींत एकच वाक्य होतं, 'नाटक्याचं पोट कसं भरेल?' दोघी अगदी एकच बोलता आणि तरी तुमचं जमत नाही, हे मला आठव्या वर्षापासून बघवत नव्हतं. बरं, आत्याचा राग मावशीला तसाच वाचून दाखवला असता तर पुढचं पत्र आलं असतं का? आणि मग मी दुकानात वाचलं काय असतं?

नाट्यशाळेत मी तलवार फिरवायला शिकलो. अभिनय शिकलो मावशीच्या कटिंगच्या टेबलाशेजारी. सिनेमानं मला एकच काम दिलं, परक्याचं. तुमच्या पत्रांत मात्र मी इकडचाही होतो आणि तिकडचाही. तसा मी आणखी कुठेच नव्हतो. त्याची सवय लागली, सुटेना.

मावशीच्या त्या पत्राचं मी काही सांगणार नाही. मी सांगितलेलं आता कोण खरं मानणार? ते आत्याच सांगेल. तिकिटं पाठवतोय. खुर्च्या शेजारशेजारी आहेत आणि मी बदलून देणार नाही.

भोंग्या

२० मार्च २०१३
(दुभाष्यांच्या अक्षरात)

मावशीबाई,

ते पत्र माझं आहे.

माझा नवरा गेला तेव्हा मी दुकानात जाऊन रिकाम्या खोक्यांवर बसायचे. विकत काही नव्हते. कुणी "सावरा" म्हटलं तर त्याला एक नंबर लहान बूट बांधून द्यायचे. हे मी तुम्हाला तेव्हा लिहिलं नाही, आज लिहिते. मशीनवर पाय ठेवा, हे माझं. रडून झालं की लिहा, हेही माझं. तुमचं दुःख आलं तेव्हा पोरानं माझ्या शब्दांना हात लावला नाही. तेवढी अक्कल त्याला पंधराव्या वर्षी होती.

फक्त शेवटचं वाक्य माझं नाही. 'एक दिवस मी तुमच्याकडे येईन' असं मी लिहिणं शक्यच नव्हतं. मला जहाजाची भीती वाटते, विमानाची त्याहून जास्त, आणि दुकानाला मी कधी कुलूप लावलेलं नाही. ते त्यानं पदरचं घातलं. तुमचं मन कुणाची तरी वाट बघण्यात गुंतावं म्हणून घातलं असेल. तुम्ही मला कधी 'केव्हा येता' असं विचारलं नाहीत. किंवा विचारलंत आणि त्यानं ते गाळलं.

म्हणून आता माझ्या शब्दांत लिहिते, आणि दुभाषी साहेबांना सांगते की हे शपथेवर उतरवा. मी येते आहे. दुकानाला कुलूप लावलं. अकरा एप्रिलच्या सकाळच्या गाडीनं तुमच्या स्टेशनात उतरेन. ओळखायला सोपी आहे. सगळ्यांत घाबरलेली म्हातारी, हातात बुटांचा खोका. बूट तुमच्यासाठी आहेत. माप भोंग्याला विचारलं, त्यामुळे खात्री देत नाही.

आत्या

१० एप्रिल २०१३

आत्याबाई,

दुभाषी साहेब म्हणतात हे पत्र टाकण्यात अर्थ नाही, तुम्ही कधीच निघालात. माहीत आहे मला. पण तुम्हाला लिहिल्याशिवाय माझ्या हाताला चैन पडत नाही. उद्या स्टेशनावर हातात देईन.

तुमच्यासाठी खोली आवरली. दुकानावर 'चार दिवस बंद' अशी पाटी लावली. तुमच्या पत्रांसाठी डोकावणाऱ्या त्या दोघी अजून येतात, केस पिकले त्यांचे. त्याही उद्या स्टेशनावर येणार म्हणतात. मी नाही म्हटलं तर एकीनं चक्क रिक्षा ठरवली. प्रयोगासाठी मी नवा ब्लाउज शिवला आणि तुमच्यासाठीही एक शिवून ठेवलाय. माप तुमच्या भावावरून अंदाजानं घेतलंय, तेव्हा बुटांचा आणि ब्लाउजचा हिशेब आधीच फिटला म्हणायचा. रडू तर मला आत्ताच येतंय, आणि ते आनंदाचं आहे हे स्पष्ट लिहिते, नाहीतर तुम्ही मला सावरायला जाल.

प्रश्न एवढाच होता, की समोरासमोर आपण बोलायचं कसं. दुभाषी साहेब कोट घालून यायला तयार होते. मी हात जोडून नको म्हटलं. भला माणूस, पण त्यांच्याकडून तुमचे शब्द कळतात, तुम्ही कळत नाही. म्हणून भोंग्याला सकाळची तालीम चुकवायला लावली आहे. तो आपल्या दोघींच्या मधे उभा राहील.

मी त्याला आधीच बजावलंय. म्हटलं, "आत्याबाई गाडीतून उतरल्या की मी त्यांना बुटांपासून अकॉर्डियनपर्यंत सगळ्यावरून चांगली झाडणार आहे."

तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "मावशी, आता मी सुधारलोय. तू बोलशील ते शब्दाला शब्द सांगेन."

मी म्हटलं, "खबरदार!"

मावशी